स्वागत समिती नको, निवड समिती द्या

महाविद्यालयांच्या क्रीडा विभागात नव्यानं रुजू झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय. तांड्यावरून, पाड्यावरून, बौद्धवाड्यातून, मोहल्ल्यातून आलेल्या मुलींसाठी तर नक्कीच. मी स्वतः बंजारा. खो-खो खेळत शिकले आणि आता मराठवाड्यात, तालुक्याच्या गावी, एका अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे.

हंगाम सुरू होण्याआधी विद्यापीठात सगळ्या संलग्न महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांची बैठक होते. कुठली स्पर्धा कुणाकडं जाणार, निवड समितीवर कोण, आंतरविद्यापीठ स्पर्धेला संघासोबत व्यवस्थापक म्हणून कोण जाणार, हे सगळं तिथं ठरतं. बायका मोजक्याच असतात आणि त्यांच्या वाट्याचं काम जणू आधीच ठरलेलं असतं. उद्घाटनाचं सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत, भोजन समिती, मुलींच्या निवासाची देखरेख. ही कामं हलकी नाहीत. भोजन समितीवर दिवसभर उभं राहिलेल्या बाईला विचारा. पण तिथं निर्णय होत नाही आणि त्या कामाचा कागदही मागं राहत नाही. दहा वर्षांनी मुलाखतीला बसल्यावर दाखवायला हातात काही नसतं.

म्हणून माझं सांगणं असं: जिथं निर्णय होतो तिथलं काम मागा, लेखी मागा, आणि केलेल्या कामाचा कागद जपा. पुढचं सगळं यातूनच आलेलं आहे.

मुली वाढल्या म्हणून बायका वाढत नाहीत

खेळणाऱ्या मुली वाढल्या की खेळ चालवणाऱ्या बायकाही आपोआप वाढतील असं आपल्याकडं धरून चालतात. अमेरिकेत काय झालं ते पाहा. तिथं १९७२ साली टायटल नाइन हा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करायला बंदी आली. कॉलेजात खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनी वाढल्या. पण कायद्याआधी मुलींच्या ९० टक्क्यांहून जास्त संघांना प्रशिक्षक बाई असायची, ते प्रमाण पुढं निम्म्याच्या खाली गेलं. मुलींचा क्रीडा विभाग आधी वेगळा होता, त्यात पैसा नव्हता आणि तो बायकाच चालवत होत्या. मग विभाग एकत्र झाले, पगार चांगला झाला, तशी पुरुषांची रीघ लागली आणि एकत्रित विभागाचा प्रमुख बहुतेक ठिकाणी पुरुषच राहिला. बायकांनी १९७१ मध्ये उभी केलेली एआयएडब्ल्यू ही मुलींच्या कॉलेज-खेळांची स्वतःची संघटना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली, कारण मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मोठ्या संघटनेनं आपल्याकडं घेतल्या. कृष्णवर्णीय बायकांना तर त्याहून जास्त थांबावं लागलं. व्हर्जिनिया विद्यापीठानं २०१७ मध्ये कार्ला विल्यम्स यांना क्रीडा संचालक नेमलं. तिथल्या सर्वांत मोठ्या पाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या स्पर्धा-गटांमध्ये, त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई.

आपल्याकडं खेलो इंडियाची विद्यापीठ स्पर्धा २०२० पासून होते, मुलींचे संघ वाढलेत, पैसाही थोडा येऊ लागलाय. म्हणजे आपणही त्याच वळणावर उभ्या आहोत. आत्ता खुर्चीवर हक्क सांगितला नाही तर पुढं तो सांगणं फार जड जाईल.

नोकरीआधीचे कागद

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणं महाविद्यालयीन संचालक व्हायला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी (एम.पी.एड.) ५५ टक्के गुणांनी हवी, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी, आणि आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळल्याचा पुरावा हवा. शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी असते. बायकांना ८ मिनिटं धावायचं किंवा चालायचं. वय ३० पर्यंत असेल तर १००० मीटर, ४० पर्यंत ८०० मीटर. अंतर मोठं नाही. पण लग्न, बाळंतपण यात मैदान सुटलेलं असतं, म्हणून जाहिरात यायची वाट न पाहता आठवड्यातून तीन दिवस सकाळी धावायला लागा.

खरी अडचण नावाची होते. खेळाची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची, एम.पी.एड.ची गुणपत्रिका सासरच्या नावाची, आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. कागदपत्रांच्या तपासणीत इथंच फाइल अडकते. शक्य असेल तर लग्नानंतरही कागदोपत्री नाव बदलू नका. बदललंच असेल तर राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या आणि तिच्या प्रती प्रत्येक अर्जाला जोडा.

आरक्षित जागेवर अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम एम.पी.एड.ला असतानाच सुरू करा. लग्न झालं तरी पुरावे वडिलांकडचेच लागतात. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, आम्हा विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा भक्कम धरतात. तांड्यावरचे आजोबा शाळेतच गेलेले नसतात, मग दाखला कुठून आणणार? चुलत आजोबांचा बघा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद काढा, तहसीलमधून जमिनीचं खासरा पत्रक काढा. यात महिने जातात, म्हणून घाई आधीच करायची.

कुठलं काम मागायचं

पहिल्या वर्षी पात्रता अर्जांच्या छाननीचं काम मागा. कुणाला ते नको असतं, त्यामुळं लगेच मिळतं. खेळाडूची जन्मतारीख, बारावी झाल्याचं वर्ष, चालू वर्षाचा प्रवेश, मध्ये खंड पडलाय का, आधी दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळलीय का, हे सगळं तपासायचं असतं. एक हंगाम हे काम मन लावून केलं की भारतीय विश्वविद्यालय संघाचे, म्हणजे एआययूचे पात्रतेचे नियम तोंडपाठ होतात. मग तक्रार आली की लोक तुमच्याकडं धाव घेतात. ज्याला नियम माहीत त्याला बैठकीत मागच्या रांगेत बसवणं अवघड असतं.

दुसऱ्या वर्षी निवड समिती मागा, आणि फक्त मुलींच्या संघाची नको. खो-खोच्या मुलांच्या संघाची निवड करायला खो-खो कळावा लागतो, मिशा लागत नाहीत. तोंडी मागितलं तर "बघू मॅडम" एवढंच उत्तर मिळतं. अर्ज प्राचार्यांमार्फत पाठवा, विद्यापीठात आवक क्रमांक टाकून पोच घ्या. मजकूर लांबवायचा नाही: "सन अमुक-तमुकच्या आंतरविद्यापीठ खो-खो (पुरुष व महिला) निवड समितीवर सदस्य म्हणून काम करण्यास मी इच्छुक आहे. मी राज्य संघटनेची पंच परीक्षा उत्तीर्ण असून आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले आहे. प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. विचार व्हावा ही विनंती." विनंती मान्य झाली नाही तर पुढच्या वर्षी हाच अर्ज, आधीच्या अर्जाचा संदर्भ देऊन. ओळीनं आलेले अर्ज फाइलीत दिसायला लागले की नाकारणाऱ्यालाही कारण द्यावं लागतं.

निवड समितीवर गेल्यावर काम कसं करायचं हे सविस्तर सांगते, कारण तुमचं नाव इथंच तयार होतं. चाचणीच्या आधी निकष कागदावर लिहा आणि सगळ्या सदस्यांच्या सह्या घ्या. खो-खोत पळतीचा वेळ, आक्रमणात बाद केलेले गडी, खांबावरचं कौशल्य, दिशा आणि नियमांचं भान, यांना किती गुण ते ठरलेलं असू द्या. प्रत्येक सदस्याचा गुणतक्ता वेगळा, एकमेकांचा बघायचा नाही. प्रत्येक मुलीला किमान दोन डाव मिळाले पाहिजेत. दूरच्या गावाहून एसटीनं रात्रभर प्रवास करून आलेली मुलगी पहिल्या डावात थकलेलीच असते. बेरीज मैदानावरच करा, राखीव खेळाडूंसकट यादी तिथंच वाचून दाखवा आणि त्याच दिवशी सह्या करा. यादी रात्री मुक्कामी गेली की बदलते, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. फोन येतील. "आपल्या संस्थेची मुलगी आहे, बघा जरा." फोनवर वाद घालू नका. गुणतक्ता कार्यालयात आहे, येऊन पाहा, एवढंच शांतपणे सांगा.

एक आग्रह धरा: तुमच्या नेमणुकीचं पत्र आणि काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. पुरुष सहकारी ते न विसरता घेतात. आपण "राहू द्या, ओळखीचेच आहेत" म्हणतो.

बैठकीत

तोंडी मुद्दा हवेत जातो. मुद्दा चार दिवस आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. इतिवृत्त आलं की आपलं म्हणणं आपल्या नावानं नोंदलंय का ते वाचा. नसेल तर पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती सुचवा. आवाज चढवायची गरज पडत नाही. दोन-तीन जणींनी आधी फोनवर बोलून एकमेकींच्या मुद्द्याला अनुमोदन द्यायचं ठरवलं तर फार फरक पडतो.

पैशाची वही

बायकांना हिशेबापासून लांब ठेवतात आणि बऱ्याचदा आपणही "ती कटकट नको" म्हणतो. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. जिमखाना शुल्क किती जमा होतं, त्यातला विद्यापीठाचा वाटा किती जातो, उरलेलं कशावर खर्च होतं, हे तुम्हाला पैशापैशानं माहीत पाहिजे. कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी आदेश, डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद, मग बिल, हा क्रम शिकायला अकाउंट विभागातल्या क्लार्कजवळ आठवडाभर बसा. तो माणूस तुमचा गुरू आहे. संघ घेऊन जाताना घेतलेली आगाऊ रक्कम परत आल्यावर आठवड्याच्या आत समायोजित करा. "मॅडमचा हिशेब कधी थकत नाही" अशी ख्याती झाली की पुढच्या वेळी मोठी स्पर्धा तुमच्याकडं सोपवायला प्राचार्य कचरत नाहीत.

मग एका पानावर तक्ता करा. मुलांचे संघ किती, मुलींचे किती. प्रवासभत्ता, ट्रॅकसूट, बूट, प्रशिक्षकाचं मानधन यांवर दोघांना किती खर्च. मैदान संध्याकाळी कुणाला किती तास मिळतं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असल्यामुळं मुलींना चार ते साडेपाच एवढाच वेळ असतो, आणि नेमका तेव्हाच मैदानावर मुलांचा क्रिकेटचा सराव चालतो. भाषणानं हे सुटत नाही. हा तक्ता जिमखाना समितीपुढं ठेवला की सुटतं, कारण आकडे समोर असताना वेळापत्रक बदलू नका असं म्हणायला कुणी धजावत नाही.

मुलींमधून पुढची फळी

नेतृत्व नोकरी लागल्यावर शिकवायची गोष्ट नाही. एफ.वाय.च्या मुलीला गुणलेखनाला बसवा. एस.वाय.त तिच्याकडं महाविद्यालयांतर्गत स्पर्धेचं वेळापत्रक द्या. टी.वाय.त राज्य संघटनेच्या पंच परीक्षेला बसवा, फी जिमखान्यातून भरा. मुलांच्या सामन्यात तिला शिट्टी द्या आणि तिच्या निर्णयावर कुणी ओरडलं तर तिथंच थांबवा. कर्णधारपद एकट्या उत्तम खेळाडूलाच द्यायचं, हा पायंडाही मोडा. संघाची रजा, डबा, तिकिटं सांभाळणारी मुलगी पुढं जास्त चांगली व्यवस्थापक होते.

धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि राज्य शासनाच्या क्रीडा अधिकारी म्हणूनही त्यांनी काम केलं. मुलींना हे नाव पुन्हा पुन्हा सांगा. खेळानंतर होमगार्ड किंवा पोलीस भरती एवढ्या दोनच वाटा आहेत असं त्यांच्या मनात बसलेलं असतं.

आमच्या भागातली मोठी अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, निघतो, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला, पालावर भाकरी करायला मोठी मुलगी सोबत जाते. आंतरविद्यापीठ स्पर्धांची शिबिरं नेमकी याच महिन्यांत. अशा मुलीच्या घरी ऑगस्टमध्येच जा. गाड्या भरायला लागल्यावर जाऊन उपयोग नसतो. वडिलांशी बोला, पण आजीशी जास्त बोला. मागं राहणाऱ्या घराचा कारभार तिच्या हातात असतो. वसतिगृहाची जागा, जेवणाची सोय, महिन्याचा खर्च हे सगळं ठरवून मगच शब्द टाका. "मुलीचं भविष्य" वगैरे बोलण्यापेक्षा "राहायचं-खायचं माझ्याकडं लागलं" हे त्यांना पटतं.

मोहल्ल्यातल्या घरी पोशाखाचा प्रश्न पहिल्यांदा येतो. तिथं नियम माहीत असणं कामाला येतं. फुटबॉलच्या फिफानं डोकं झाकून खेळायला २०१४ मध्ये परवानगी दिली, बास्केटबॉलच्या फिबानं २०१७ मध्ये. मुलीच्या अम्मीला हे सांगा, पूर्ण पायाची टाइट्स आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट संघाच्या रंगातच शिवून घ्या, म्हणजे ती संघात वेगळी पडणार नाही. आणि तिला पोशाखापुरतीच ओळखू नका. इतर मुलींसारखीच तीही गुणलेखक, पंच, क्रीडा प्रतिनिधी होऊ शकते. तिची निवड करताना हे डोक्यात ठेवा.

प्रवास आणि सुरक्षितता

मुलींच्या संघासोबत बाई असलीच पाहिजे. भारतीय क्रीडा प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या, महिला खेळाडू असलेल्या पथकांसोबत महिला प्रशिक्षक सक्तीची केली. आपल्या महाविद्यालयात तो पायंडा लेखी ठरावानं घालून घ्या. मात्र एक काळजी घ्या. तुम्हाला "मुलींना सांभाळायला" नेतात आणि संघाचे निर्णय दुसराच घेतो. नेमणूकपत्रावर 'संघ व्यवस्थापक' असं स्पष्ट लिहून आणा.

२०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येतच स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचं ठिकाण यांचा उल्लेख आहे, निवासी असो वा नसो. कामानिमित्तचा प्रवासही त्यात येतो. विद्यार्थिनींसाठी यूजीसीचे २०१५चे नियम आहेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. संघ निघण्याआधीच्या बैठकीत हे मुलींना त्यांच्या भाषेत सांगा, आणि अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या मुलींना दाद मागायला रस्त्यावर यावं लागलं, मग तालुक्याच्या गावातली सतरा-अठरा वर्षांची मुलगी कुणाकडं जाणार? तिला तुम्ही दिसल्या पाहिजेत.

वरची पायरी

विद्यापीठाच्या संचालकपदासाठी पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव लागतो. त्यासोबत स्पर्धा भरवल्याचा, किमान दोन आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरं घेतल्याचा आणि चांगली कामगिरी करणारे संघ किंवा खेळाडू घडवल्याचा पुरावाही मागतात. ही ओळ रुजू झाल्याच्या आठवड्यातच टेबलाच्या काचेखाली लावा. शिबिर घ्याल तेव्हा मंजुरीचं पत्र, हजेरीपट, दिवसाचं वेळापत्रक आणि अहवाल एका फाइलीत. शिबिर दहा दिवसांत उरकत असाल तर चार दिवस आणखी वाढवा.

विद्यापीठाचं क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ, अधिसभा (सिनेट), जिल्हा संघटना इथंही नाव द्या, निवडणूक असेल तर लढवा. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असाव्यात असं ठरवलंय. पी. टी. उषा २०२२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. वर जागा तयार होतेय. ती भरायला जिल्ह्यातून अनुभवी बायका गेल्या नाहीत तर कुणाच्या तरी घरातली नावं सहीपुरती लागतील.

एखादं काम तुमच्याकडं तीन हंगाम राहिलं की त्यासाठी दुसरी तयार करा. छाननीला तिला शेजारी बसवा, पुढच्या वर्षी नेमणूकपत्र तिच्या नावानं मागा आणि तुम्ही पुढचं काम घ्या. हस्तांतराची वही द्या. तिच्यात पात्रतेच्या नियमांची ताजी प्रत, मागच्या आक्षेपांचे निकाल, कोणत्या महाविद्यालयाचे अर्ज नेहमी उशिरा येतात, विद्यापीठातल्या कुठल्या टेबलावर कुठला कागद जातो, आणि रात्री अकराला मुलींचा संघ स्टेशनवर अडकला तर कुणाला फोन लावायचा, हे सगळं लिहिलेलं असू द्या.